जे कळलं ते कधी कळलं, तेही छापा

प्रति,
वॉशिंग्टनच्या वृत्तपत्रांचे संपादक, टीव्ही वाहिन्यांचे वृत्तप्रमुख
आणि राष्ट्राध्यक्षांवरची पुस्तकं काढणारे न्यूयॉर्कचे प्रकाशक यांस,

विषय : राष्ट्राध्यक्षांच्या अखेरच्या वर्षाची माहिती पुस्तकासाठी राखून ठेवण्याबाबत

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

मी तुमची जुनी गिऱ्हाईक आहे. तुमच्यातल्या दोन वृत्तपत्रांची वर्गणी भरते, एका वाहिनीच्या बातम्या रोज रात्री बघते, आणि न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक लायब्ररीत नोकरीला असल्यामुळे तुमची पुस्तकं माझ्या हाताखालून जातात. त्यांना प्लॅस्टिकचं वेष्टण घालणं, बारकोड लावणं, पाठीवर ९७३.९३३ हा वर्गांक चिकटवणं आणि रांगेतल्या वाचकांना एकेक करून फोन करणं हे माझं काम. डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षावरची इतकी पुस्तकं आली की त्या वर्गांकाला कपाटाचा दुसरा कप्पा द्यावा लागला. २०२१ च्या जुलैत तर आठवड्याभराच्या अंतरात तीन आली. मायकेल बेंडर आणि मायकेल वुल्फ यांची एकाच दिवशी, १३ तारखेला. लगेच २० तारखेला कॅरोल लेओनिग आणि फिलिप रकर यांचं ‘आय अलोन कॅन फिक्स इट’. सगळी वाचली. बरीच चांगली आहेत, हेही सांगते.

तरी हे पत्र लिहायची वेळ आली. ट्रम्प यांच्यानंतर जो बायडन आले आणि गेले. २०२५ च्या मे महिन्यात त्यांच्या शेवटच्या वर्षावरचं पुस्तक आमच्या टेबलावर आलं. राष्ट्राध्यक्षांना दुसऱ्या कारकिर्दीत चाकाची खुर्ची लागेल का, याची चर्चा त्यांचे सहकारी आपापसात करत होते, हे त्यात वाचलं. अध्यक्ष बदलला, पक्ष बदलला, पण मतदाराला ज्या दिवशी कळायला हवं त्या दिवशी काही कळत नाही, आणि सगळं आटोपल्यावर तीस डॉलरच्या जाड पुस्तकात कळतं, ही रीत तशीच राहिली. २०२० मध्ये ती मी गिळली. आता गिळवत नाही.

माझं यात काय गेलं, ते आधी सांगते, म्हणजे लायब्ररीतल्या बाईला नसती उठाठेव कशाला असं वाटायला नको.

माझे वडील कराडला असायचे. आई गेल्यानंतर एक वर्षाआड, इथली थंडी ओसरली की, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे यायचे. २०२० चं तिकीट मार्चच्या पहिल्या आठवड्याचं होतं. वय चौऱ्याहत्तर, मधुमेह जुना. चीनमधल्या साथीच्या बातम्या तिकडेही पोचल्या होत्या, त्यामुळे फेब्रुवारीत दर रविवारी फोनवर तोच विषय. “तुमच्या तिकडं काय म्हणत्यात गं?” असं अण्णा विचारायचे. इथे काय म्हणतायत ते मी तुमच्याकडे बघूनच सांगणार. फ्लूसारखंच आहे, अमेरिकेत रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, सरकार म्हणतंय आटोक्यात आहे. २४ फेब्रुवारीला अण्णांनी कराडला आणि आम्ही इथे भल्या पहाटे उठून, अहमदाबादच्या मोटेरा स्टेडियमवरचा ट्रम्प यांचा सत्कार बघितला. लाखाच्या वर माणसं खेटून बसलेली. अण्णा म्हणाले, “एवढा मोठा माणूस एवढ्या गर्दीत येतोय म्हणजे काळजीचं काही नसावं.” तिकीट कायम राहिलं.

मार्चच्या २२ तारखेपासून भारतानं परदेशी विमानांना दारं बंद केली. परतीचा रस्ता संपला. महिनाअखेरीस अण्णांना ताप आला आणि एप्रिलमध्ये ते गेले. शेवटचं बोलणं नर्सनं धरलेल्या टॅब्लेटवर झालं. तिनं हातमोज्यांवर आणखी एक हातमोजा चढवला होता, त्यामुळे पडद्यावरचं बटण तिला लागत नव्हतं आणि आमचा आवाज आत पोचत नव्हता. त्या बाईबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही.

आता तुमच्याकडे वळते.

७ फेब्रुवारी २०२० ला, म्हणजे मोटेराच्या सतरा दिवस आधी, ट्रम्प यांनी ज्येष्ठ पत्रकार बॉब वूडवर्ड यांना फोनवर सांगितलं की हा विषाणू हवेतून पसरतो, नुसता श्वास घेतला तरी लागतो, आणि जोरदार फ्लूपेक्षाही प्राणघातक आहे. हे ध्वनिमुद्रित आहे. त्याच महिन्याच्या २६ तारखेला हेच गृहस्थ पत्रकार परिषदेत म्हणाले की पंधरा रुग्ण आहेत, थोड्याच दिवसांत ते शून्याच्या आसपास येतील. १९ मार्चला पुन्हा वूडवर्ड यांच्याजवळ त्यांनी कबूल केलं की घबराट नको म्हणून आपण मुद्दाम हे सगळं कमी करून सांगत आलो आणि अजूनही तेच पसंत करतो. साध्या माणसानं तोंडाला कापड बांधावं असा सल्ला सरकारी आरोग्य यंत्रणेनं दिला ३ एप्रिलला. आणि त्या दोन संभाषणांची बातमी आम्हाला मिळाली ९ सप्टेंबरला. तीही वूडवर्ड यांचं पुस्तक दुकानांत यायला सहा दिवस राहिले असताना, पुस्तकाची जाहिरात म्हणून. तोवर या देशात १ लाख ९० हजारांच्या आसपास माणसं मेली होती. वसंतातल्या पहिल्या लाटेत न्यूयॉर्कच्या खालोखाल आमचंच राज्य होतं.

७ फेब्रुवारीचं बोलणं ८ तारखेच्या अंकात आलं असतं तर अण्णा वाचले असते, असा माझा दावा नाही. कोणाला ठाऊक. ट्रम्प यांनी दुसऱ्या दिवशी साफ नाकारलं असतं, निम्म्या देशानं त्यांच्यावर विश्वास ठेवला असता. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या रविवारच्या फोनवर अण्णांना मी वेगळं काहीतरी सांगितलं असतं. तिकीट रद्द करायचं की नाही, हे आम्ही बाप-लेकीनं सगळं माहीत असताना ठरवलं असतं. तो हक्क आमचा होता.

वूडवर्ड यांनी नंतर दिलेलं स्पष्टीकरणही मी नीट वाचलं. ट्रम्प सांगतात ते खरं की खोटं याचा पत्ता लागत नसे. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांनी २८ जानेवारीलाच त्यांना ही तुमच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी आपत्ती ठरेल असं बजावलं होतं, ते वूडवर्ड यांना मे महिन्यात समजलं. ठीक. पण मग मेमध्ये तरी छापायचं होतं. मे ते सप्टेंबर काय अडलं होतं? शिवाय राष्ट्राध्यक्ष खरं बोलतो की खोटं, हे नक्की होईपर्यंत थांबायचं असेल तर तुमच्या अंकात त्यांचं एकही वाक्य यायला नको. ते शून्याच्या आसपास येणार असं म्हणाले, ते तुम्ही त्याच दिवशी, तपासायला न थांबता छापलंत. एका पत्रकाराला खाजगीत त्याच्या उलट म्हणाले, एवढीच बातमी होती, आणि तिला पुराव्याची टेप होती.

गंमत म्हणजे (गंमत हा शब्द बरा नव्हे, पण दुसरा सुचत नाही) हा प्रश्न सगळ्यांत मोठ्यानं खुद्द ट्रम्प यांनीच विचारला. माझी वाक्यं एवढी घातक होती तर वूडवर्ड यांनी महिनोन्‌महिने दाबून का ठेवली, जीव का वाचवले नाहीत? स्वतःचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायची त्यांची हातोटी जगजाहीर आहे. पण प्रश्न त्यांनी विचारला म्हणून तो चुकीचा ठरत नाही. त्याच मुलाखतींच्या टेपा २०२२ च्या ऑक्टोबरात वेगळ्या विकायला आल्या आणि त्यावरून ट्रम्प कोर्टात गेले, पैशांसाठी. ती टेप आमच्यापर्यंत कधी पोचायला हवी होती, यावर त्या भांडणात कोणी बोललं नाही.

वूडवर्ड यांचं नाव मी पुन्हा पुन्हा घेते आहे ते त्यांच्यावर राग आहे म्हणून नव्हे. त्यांच्या लेखणीची मी कॉलेजपासून भक्त आहे. रिचर्ड निक्सन यांच्या वेळी, वॉटरगेट प्रकरणात, हेच वूडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन १९७२ च्या जूनपासून हातात येईल तो धागा त्याच आठवड्यात छापत होते. अर्धवट, तुटक, कधी पहिल्या पानावर तर कधी आत. पुस्तक आलं १९७४ च्या जूनमध्ये, आणि निक्सन यांनी ९ ऑगस्टला खुर्ची सोडली. निक्सन यांच्या अखेरच्या दिवसांवरचं दुसरं पुस्तक १९७६ मध्ये निघालं. राजीनाम्याच्या तोंडावर निक्सन यांनी परराष्ट्रमंत्री किसिंजर यांना सोबत घेऊन गुडघे टेकून प्रार्थना केली, हा प्रसंग त्यात आहे. तो दोन वर्षांनी कळला म्हणून कोणाचं काही बिघडलं नाही. असले प्रसंग खुशाल राखून ठेवा, पुस्तकाला त्यानंच रंग चढतो. माझी तक्रार त्या माहितीबद्दल आहे जिच्यावर कोणाचा जीव, कोणाचं मत किंवा संसदेतला कौल अवलंबून असतो.

संसदेच्या कौलाचंच घ्या. ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटलवर, म्हणजे संसद भवनावर, ट्रम्प समर्थकांचा जमाव चालून गेला. सिनेटमधला ट्रम्प यांच्यावरचा महाभियोगाचा खटला ९ फेब्रुवारीला सुरू झाला आणि १३ तारखेला ५७ विरुद्ध ४३ मतांनी संपला. दोषी ठरवायला ६७ हवी होती. उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांनी सात राज्यांची मतं बाजूला ठेवून निकाल कसा फिरवायचा, याचं ट्रम्प यांचे वकील जॉन ईस्टमन यांनी लिहून दिलेलं दोन पानी टिपण देशासमोर आलं २० सप्टेंबरला, वूडवर्ड आणि रॉबर्ट कॉस्टा यांच्या ‘पेरिल’च्या आदल्या दिवशी. खटला संपून सात महिने उलटले होते. देशाचे सर्वोच्च लष्करी अधिकारी मार्क मिली यांनी ३० ऑक्टोबर २०२० ला आणि पुन्हा ८ जानेवारी २०२१ ला चीनच्या सेनापतींना फोन करून अमेरिका हल्ला करणार नाही अशी ग्वाही दिली, अण्वस्त्रांच्या आदेशाची कार्यपद्धती आपल्या अधिकाऱ्यांकडून पुन्हा वदवून घेतली, हेही त्याच पुस्तकात. मिलींनी केलं ते योग्य की अयोग्य, यावर दोन मतं असू शकतात. माझीच आहेत. पण अणुबॉम्बच्या किल्लीबद्दल देशाचा सेनापती धास्तावला होता, ही गोष्ट त्या शंभर सिनेटरांनी मतदानानंतर वाचायची होती का?

ते टिपण लेखकांच्या हाती कधी आलं, मला माहीत नाही. कदाचित ऑगस्टमध्ये आलं असेल, मग माझा आक्षेप त्यांच्यापुरता गळून पडतो. पण जानेवारीत आलं असेल तर? पुस्तक चाळून बघितलं. तारीख घटनेची आहे, बैठकीची आहे, फोनची आहे. लेखकाला कळल्याची तारीख कुठेच नाही.

हीच माझी मूळ तक्रार, आणि बाकीचं सगळं तिच्या पोटात येतं.

एबीसी वाहिनीचे पत्रकार जोनाथन कार्ल यांचं उदाहरण त्यातल्या त्यात स्वच्छ आहे, कारण तिथे तारीख ठाऊक आहे. १८ मार्च २०२१ ला त्यांनी मार-ए-लागोमध्ये, म्हणजे ट्रम्प यांच्या फ्लोरिडातल्या घरी, त्यांची मुलाखत घेतली. पेन्सना फाशी द्या असं ओरडणाऱ्या जमावाबद्दल विचारल्यावर ट्रम्प म्हणाले, लोक फार चिडलेले होते, आणि फसवा निकाल पुढे कसा पाठवायचा, हे तर साधं व्यवहारज्ञान आहे. आम्ही ते ऐकलं १२ नोव्हेंबरला, पुस्तक यायला चार दिवस असताना. आठ महिने एका माजी राष्ट्राध्यक्षाचं हे उत्तर टेपमध्ये पडून होतं. मधल्या काळात सहा जानेवारीची चौकशी करायची की नाही यावर संसदेत रण माजलं होतं. मे महिन्यात स्वतंत्र आयोगाचा ठराव सिनेटमध्ये आपटला. ही टेप तेव्हा बाहेर आली असती तर तो तरला असता, असं म्हणत नाही. पण तिनं तेव्हा बाहेर यायला हवं होतं.

प्रतिनिधीगृहातले रिपब्लिकन पक्षाचे तेव्हाचे नेते केव्हिन मॅकार्थी यांचं प्रकरण उलट्या टोकाचं. १० जानेवारी २०२१ ला ते आपल्या सहकाऱ्यांना फोनवर म्हणाले की राजीनामा द्या असा सल्ला आपण ट्रम्पना देणार आहोत. २८ जानेवारीला तेच मार-ए-लागोला जाऊन हसऱ्या चेहऱ्यानं ट्रम्प यांच्याशेजारी उभे राहिले. फोनची ध्वनिफीत आली २१ एप्रिल २०२२ ला, पुन्हा एका पुस्तकाच्या तोंडावर. आपण असं काही बोललोच नाही, असं मॅकार्थींनी सकाळी ठामपणे सांगितलं आणि रात्री टेप वाजली. बघायला मजा आली, नाही म्हणत नाही. पण ती टेप लेखकांकडे आदल्या आठवड्यात आली की आदल्या वर्षी, हे मी एक वाचक म्हणून कसं ओळखू? तुमच्या प्रामाणिक लेखकालाही यातून उगाच संशय सोसावा लागतो. न्यूयॉर्क टाइम्सच्या मॅगी हेबरमन यांच्या पुस्तकात ट्रम्प २०२० ची निवडणूक हरल्यावर मी इथून हलणारच नाही असं म्हणत होते, हे आलं तेव्हा हेबरमनना हाच प्रश्न विचारला गेला आणि त्यांनी हात राखून काही ठेवलं नाही असं सांगितलं. ते खरं असेल. पण पानावर तारीख असती तर सांगायची वेळच आली नसती.

आता तुमची बाजू. सूत्रं तेव्हा बोलतच नाहीत, निवडणूक झाली, खुर्ची गेली की मगच बोलतात आणि तेही पुस्तकासाठी, नाव न देण्याच्या बोलीवर. यात तथ्य आहे. बायडन यांच्यावरच्या पुस्तकाचे लेखक जेक टॅपर आणि अ‍ॅलेक्स थॉम्पसन सांगतात की त्यांच्या बहुतेक मुलाखती निवडणुकीनंतरच झाल्या. मग दोष त्या सहकाऱ्यांचा, जे २७ जून २०२४ च्या वादचर्चेपर्यंत सगळं ठणठणीत आहे असं सांगत होते आणि २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतल्यावर, नोव्हेंबर हरल्यावर, वरातीमागून घोडं घेऊन आले. पण अशा माणसाला तुम्ही जी सवलत देता तिच्याबद्दल मला बोलायचं आहे. जो तेव्हा गप्प बसला, त्याला आता निनावी राहून शहाणपण मिरवायला मिळतं. आपल्याला किती काळजी वाटत होती, हे तो सांगतो आणि तुम्ही अवतरणचिन्हात छापता. बंद खोलीत तीन माणसं, आणि चौथ्या माणसानं लिहिलेला त्यांचा शब्दशः संवाद! टीप नाही, कोणी सांगितलं ते नाही. आमच्या लायब्ररीत शाळेतली पोरं प्रकल्पासाठी पुस्तकं शोधायला येतात, तेव्हा आम्ही त्यांना शिकवतो की हे कुठून आलं ते खाली लिही. त्यांना मी तुमची पुस्तकं काय म्हणून देऊ?

सूत्रं बोलत नाहीत म्हणून काहीच छापता येत नाही, हेही खरं नाही. बायडन बंद दाराआड थकलेले दिसतात ही बातमी ४ जून २०२४ ला, वादचर्चेच्या तीन आठवडे आधी, वॉल स्ट्रीट जर्नलनं दिली होती. शिव्या खाल्ल्या, पण दिली. आणि २ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांनी जॉर्जियात निवडणुकांचं काम पाहणाऱ्या सचिवांना फोन करून ११,७८० मतं शोधून द्या असं सांगितलं, ती टेप वॉशिंग्टन पोस्टनं दुसऱ्याच दिवशी, रविवारी, सगळ्या जगाला ऐकवली. मी त्या दिवशी पोळ्या लाटता लाटता ती तासाभराची अख्खी ऐकली. दोन दिवसांनी जॉर्जियात सिनेटच्या दोन जागांचं मतदान होतं. तिथल्या मतदारानं ती ऐकून काय करायचं ते केलं. एवढंच आम्हाला हवं आहे. लेओनिग आणि रकर तेव्हा त्याच पोस्टचे पत्रकार, त्याच महिन्यांतले प्रसंग, पण पुस्तकातले ते जुलैत कळले आणि अंकातलं ते चोवीस तासांत. कोणता प्रसंग कुठे जाणार, हे कोण आणि कशावरून ठरवतं?

आमच्याकडे पुस्तकांची जी खोकी येतात त्यांच्यावर विक्रीची तारीख ठळक छापलेली असते. त्या तारखेआधी खोकं फोडणार नाही असं आम्ही लेखी देतो. एकदा असंच एक खोकं चार दिवस माझ्या टेबलाखाली होतं. त्याच चार दिवसांत त्यातली निवडक पानं तुमच्या वाहिन्यांवर रोज एक याप्रमाणे येत होती. सोमवारी सेनापती, मंगळवारी मुलगी-जावई, बुधवारी वकील. म्हणजे गुप्तता आमच्यासाठी आणि हप्ते तुमच्यासाठी. व्यापार करू नका असं मी म्हणत नाही. पत्रकाराला घर आहे, मुलं आहेत, पगारात भागत नसेल तर पुस्तक लिहावं. पण पत्रकाराला ती दारं उघडतात ती वृत्तपत्राच्या ओळखपत्रावर, आणि ते ओळखपत्र माझ्या वर्गणीवर चालतं.

मी ज्या भाषेत वाढले तिथल्या वृत्तपत्रांनीही साथ पाहिली आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता, घराघरांत शिरणारे गोरे शिपाई होते, जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सरकारनं पुण्यावर बडगा उगारला. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा टिळकांचा लेख ‘केसरी’त आला ६ जुलैला, त्याच धामधुमीत. महिना संपायच्या आत टिळक अटकेत होते, आणि त्याच वर्षीच्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तुमच्यापुढे तुरुंग नव्हता. तुमच्यापुढे प्रकाशनाची तारीख होती.

जॉन बोल्टन, मार्क एस्पर असल्या मंत्री-सल्लागारांना मी यात धरलेलं नाही. निदर्शकांच्या पायांवर गोळ्या का घालता येत नाहीत, असं राष्ट्राध्यक्षांनी २०२० च्या जूनमध्ये विचारलं, हे संरक्षणमंत्र्यांनी २०२२ च्या मेमध्ये पुस्तकात सांगावं, याला काय म्हणायचं ते त्यांना स्वतंत्र कळवीन.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक. तुमच्या पगारावर असलेला पत्रकार पुस्तक लिहीत असेल तर त्याच्याशी लेखी करार करा : जिवाला धोका, निवडणूक, युद्ध आणि चालू चौकशी या चार बाबतींतली माहिती खात्री होताच आधी अंकात किंवा बातम्यांत येईल. प्रकाशकांनी या कलमाला हरकत घेऊ नये.

दोन. असा करार तुमच्याकडे आधीपासून असेल तर तो वाचकांना दाखवा. आहे असं नुसतं सांगू नका.

तीन. प्रत्येक पुस्तकाच्या मागे एक तक्ता द्या. प्रसंग कोणता, घडला कधी, लेखकाला पहिल्यांदा कळला कधी. सूत्राचं नाव नको, पद नको. फक्त महिना आणि वर्ष. याला दोन-तीन पानं लागतील. नातेवाइकांचे आभार मानायला तुम्ही त्याहून जास्त घेता.

चार. टेप असेल आणि ती सार्वजनिक पदावरच्या माणसाची, त्याच्या संमतीनं केलेली असेल, तर ती राखून ठेवण्याचा निर्णय एकट्या लेखकानं घेऊ नये. संपादकानं त्यावर सही करावी आणि का राखली ते प्रकाशनाच्या दिवशी सांगावं.

पाच. पदावर असताना जाहीरपणे एक बोलणाऱ्या आणि नंतर तुमच्याजवळ निनावी दुसरं बोलणाऱ्या माणसाला नाव झाकायची सवलत देऊ नका. भीती असलेला कारकून वेगळा. सल्लागार म्हणून पगार घेऊन टीव्हीवर खोटं बोललेला वेगळा.

यातली तिसरी मागणी तुम्ही उद्यापासून अमलात आणू शकता, तिला वकील लागत नाही. पुढच्या हंगामाच्या याद्या आमच्याकडे आल्या आहेत. पुस्तकं मागवण्याआधी त्या तक्त्याबद्दल प्रत्येक प्रकाशकाला विचारायचं, असं मी आमच्या खरेदी समितीपुढे मांडलं आहे. समितीत पाच जण आहेत, त्यांतल्या दोघांना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं असं की लायब्ररीनं मागितलेलं पुस्तक द्यावं, शिकवणी करू नये. बैठक पुढच्या महिन्यात आहे.

या पत्राची इंग्रजी प्रत तुम्हा प्रत्येकाला टपालानं गेली आहे. मराठीत हे जाहीर करते आहे ते एवढ्यासाठी की त्या मार्चमध्ये इथल्या घराघरांत कोणाचे ना कोणाचे आई-वडील आलेले होते आणि अडकले होते, आणि त्यांच्या मुलांनीही तेव्हा तुमच्याच बातम्या वाचून तिकिटं ठरवली होती. त्यांना सही करायची असेल तर त्यांनी करावी. प्रतीवर माझं नाव, पत्ता आणि फोन आहे. उत्तर द्यायचं असेल तर लेखी द्या, फोनवर नको.

कळावे,

आपली वर्गणीदार,
एक ग्रंथालय कर्मचारी
एडिसन, न्यू जर्सी